पाठमोरी माणसं

वनिताला तोंडं काढता येत नव्हती. हे तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, पण तिच्या सासरी एकदा सांगितलेलं ऐकायची कुणाला सवयच नव्हती.

ती मूळची ब्लाऊज शिवणारी. भिवंडीत लूमच्या दोन कारखान्यांमधल्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, पायाची शिलाई मशीन. दिवसभर दोन्हीकडून लूमची खटाखट आणि मधे हिची मशीन. गल्लीतल्या बायका यायच्या, पलीकडच्या मोहल्ल्यातल्याही यायच्या, "वनिताभाभी, ईद के पहले चाहिए हां, पिछली बार जैसा मत करना" असं दारातूनच बजावायच्या. वीस वर्षं हे चाललं होतं. रंगाचा नाद तिला मागाहून लागला. क्षितिजा, तिची मुलगी, चौथीत असताना शाळेतल्या एका बाईंनी मे महिन्याच्या सुट्टीत फॅब्रिक पेंटिंगचा वर्ग घेतला होता. वनितानं उशांच्या अभ्र्यांवर गुलाब काढले, मग साड्यांवर वेली काढल्या. गुलाबाचा तिला लवकरच कंटाळा आला. तिचा हात रमायचा तो चौकड्यात आणि काठात. कुठल्या रेघेशेजारी कुठली रेघ बसते, कुठला रंग कुणाला दाबतो, हे तिला न शिकवता कळायचं. एकदा कुणाचं कापड हातातून गेलं की ते तिच्या डोळ्यांतून जायचं नाही.

तर २००६ सालच्या होळीच्या सुमाराला तिच्या सासूनं, राहीबाईनं, एक मागणं मागितलं.

राहीबाई भिवंडीजवळ शेलार गावात राहायची. वय पंचाहत्तरच्या पुढं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून आतल्या खोलीत जायची. "डोल्याला सुरी लावून घेनार न्हाय," एवढंच म्हणायची. समोरच्याचं तोंड तिला दिसत नसे, नुसता ढग दिसे. पण रंग कळायचे. दारात कोण आलं हे ती लुंगीच्या चौकड्यावरून, लुगड्याच्या काठावरून सांगायची आणि सहसा चुकायची नाही.

"माझी समदी मान्सं एका जागी बगायची हायेत," ती मिलिंदला म्हणाली. मिलिंद म्हणजे वनिताचा नवरा, कारखान्यांत वायरमनची कामं करायचा. "फोटू नको. फोटूत मुंग्यांवानी दिसतात. मोठं काय तरी कर."

"वनिता काढेल की चित्र," मिलिंद म्हणाला. बायको शेजारी बसली होती, तिला विचारायची गरज त्याला वाटली नाही.

"मला तोंडं काढता येत नाहीत," वनिता म्हणाली.

"येतील. गुलाब येतात तर तोंडं काय?"

वनितानं कपाळाला हात लावला. पण खरी अडचण तोंडांची नव्हती, आणि ती काय होती हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. सगळी माणसं एका जागी म्हणजे थोरला दीर बाळाराम आणि त्याची बायको बकुळासुद्धा. आणि बकुळा व वनिता या दोघी जावा दहा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

भांडण ब्लाऊजवरून झालं होतं. ९६ साली नणंदेचं, संघमित्राचं लग्न होतं. राहीबाईनं दोघी सुनांना हौसेनं एकसारख्या साड्या घेतल्या होत्या, पांढऱ्या, त्यावर बारीक निळा चौकडा. ब्लाऊज अर्थातच वनितानं शिवायचे. लग्नात वंदना सुरू झाली, बकुळा बुद्धाच्या मूर्तीपुढं पंचांग प्रणाम करायला वाकली आणि तिचा ब्लाऊज पाठीवर उभा उसवला, काखेपासून कंबरेपर्यंत. मागं बसलेल्या बायका हसल्या. सगळं लग्न बकुळानं अंगभर पदर लपेटून, घामानं निथळत काढलं आणि घरी गेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "हिनं मुद्दाम केलं." वनिता म्हणाली, "कापडच कच्चं होतं." त्यावर ती दहा वर्षं ठाम होती. त्याच वर्षी बाळारामनं कामाच्या निमित्तानं कोन गावाला बिऱ्हाड हलवलं. तेव्हापासून सणावाराला थोरला मुलगा आईकडं सकाळी यायचा आणि धाकटा संध्याकाळी. बाकी सगळे याला सरावले होते. राहीबाई तेवढी सरावली नव्हती.

मिलिंदनं कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तुकडा आणला, चांगला दोन मीटर. मधोमध तेलाचा डाग.

"डाग आहे हा," वनिता म्हणाली.

"म्हणून तर मिळालं. त्यावर कुणाचं तरी डोकं काढ, केसांत लपेल."

पंधरा दिवस तिनं जुन्या वहीत तोंडं काढून पाहिली. बाळारामभाऊजींचे डोळे एकमेकांकडं बघायला लागले. संघमित्रा सासूपेक्षा म्हातारी दिसायला लागली. मिलिंदचं तोंड तिला तेवीस वर्षं रोज दिसत होतं, पण कागदावर तो कधी चोर दिसायचा, कधी आजारी. क्षितिजा अकरावीत होती. ती वही बघून पोट धरून हसायची आणि मैत्रिणींना दाखवायला घेऊन जायची. वनितानं शेवटी वही माळ्यावर टाकली.

मग एका दुपारी ती एका गिऱ्हाइकाचं माप घेत होती. बाई पाठमोरी उभी, वनिताच्या हातात टेप. खांदा साडेचौदा, पाठ अमुक, उंची तमुक. माप घेता घेता तिच्या लक्षात आलं की ही बाई रस्त्यात समोरून आली तर कदाचित ओळखू येणार नाही, पण मागून शंभर बायकांत ओळखू येईल. एक खांदा किंचित खाली आहे. मान पुढं आहे. गल्लीतल्या एकूण एक पाठी तिला तोंडपाठ होत्या. घरच्यांच्या तर होत्याच.

म्हणून तिनं ठरवलं, सगळ्यांना पाठमोरं काढायचं.

"पाठमोरं?" मिलिंद म्हणाला. "म्हणजे सगळे आईकडं पाठ करून उभे? ही काय पद्धत झाली?"

"आईंना तोंडं दिसतात का?"

"नाही, पण..."

"मग पण काय?"

मिलिंदनं नाद सोडला, पण मत देणारा तो एकटाच नव्हता. बातमी फोनवरून कोनला गेली, मुरबाडला नणंदेकडं गेली. संघमित्राचा फोन आला, "वहिनी, मला जरा बारीक काढा हं." बाळारामचा मुलगा सार्थक, बावीस वर्षांचा, एकदा मोटरसायकलवरून येऊन सांगून गेला की त्याला जीन्समध्येच काढायचं आणि केस मागून नीट काढायचे. बाळारामनं निरोप पाठवला की टोपी घालायची, टक्कल दाखवायचं नाही. प्रत्येक निरोपाला वनिता मशीनचं पायडल जोरात मारायची.

पण काम करायला बसली की ती सगळं विसरायची. दुपारी लोडशेडिंग असे, लूम बंद पडत, गल्लीत अवघडल्यासारखी शांतता पसरे. पंखा नाही, घाम हनुवटीवरून कापडावर पडू नये म्हणून ती गळ्यात पंचा घालून बसायची.

मधे तिनं राहीबाईला बसवलं, काळपट हिरव्या लुगड्यात, लाल काठाच्या. त्या काठाचा लाल तिनं वेगळा कालवून एका वाटीत ठेवला आणि तो दुसऱ्या कशाला वापरला नाही, फक्त घरच्या माणसांना वापरला. वर एक दोरी काढली आणि दोरीवर सासऱ्याची लुंगी वाळत घातली, मोठा निळा-हिरवा चौकडा. सासरे जाऊन चौदा वर्षं झाली होती. बाळारामला तिनं तोच चौकडा दिला, तेवढाच मोठा, कारण तो चालायचा, खाकरायचा, रागवायचा सगळं बापासारखं. मिलिंदला तोच रंग पण चौकडा बारीक, अर्ध्याहून लहान. दोघांच्याही चौकड्यांतून आईच्या काठाचा लाल दोरा उभा गेला. संघमित्राला सासरची पिवळी साडी दिली, पण पदराच्या टोकाला बोटभर लाल ठेवला. सार्थकला जीन्स दिली, आणि काळ्या टी-शर्टच्या गळ्याला ती लाल पट्टी दिली. क्षितिजाच्या ओढणीत बापाचा हिरवा आला. बाळारामचं टक्कल तिनं काढलं नाही. तेलाचा डाग त्याच्याच डोक्याखाली गेला होता, त्यामुळं त्याला भरपूर केस मिळाले.

राहिल्या दोघी जावा.

स्वतःला तिनं सासूच्या उजव्या हाताला उभं केलं, लग्नातल्या त्या साडीत, पांढऱ्यावर निळा चौकडा. का तीच साडी, हे तिला सांगता आलं नसतं. तिच्याकडची ती सगळ्यात चांगली होती एवढं खरं. आणि बकुळाला तिनं पार डावीकडं, कडेला, पेन्सिलीनं आखलं आणि बाजूला लिहिलं, "तपकिरी, साधी."

क्षितिजा कॉलेजातून आली, उभ्या उभ्या बघत राहिली.

"आई, मोठी आई भाड्यानं आणल्यासारखी दिसते."

"गप जेव."

"सगळ्यांना काही तरी आहे. तिलाच काही नाही. ती आपली नाही का?"

"क्षितिजा, जेव म्हटलं ना."

मुलगी जेवायला गेली, पण वनिताचं चित्र तिथंच अडलं. चार दिवस तिनं ब्रश उचलला नाही. तिला दिसत होतं की पोरगी खरं बोलतेय. डावीकडं चित्र रिकामं पडत होतं, एका अंगाला कललं होतं. लाल द्यावा तर कुठं द्यावा? बकुळा काही सासूच्या पोटची नाही. मीही नाही, वनिताच्या मनात आलं. आम्ही दोघी बाहेरून आलेल्या, एकाच वर्षात, चार महिन्यांच्या अंतरानं. पहिला उन्हाळा एकाच चुलीपुढं बसून काढला. ती मला भाकरी थापायला शिकवत होती आणि मी तिला हातशिलाई.

पाचव्या दिवशी तिनं "तपकिरी" खोडलं. बकुळाला कडेवरून उचललं आणि सासूच्या डाव्या हाताला उभं केलं. तोच चौकडा दिला. स्वतःच्या साडीतली रेघ न् रेघ तीच, अंतर तेच. फक्त रंग उलटे केले, निळ्या साडीवर पांढरा चौकडा. अगदी सारखा द्यायला तिचं मन धजलं नाही, तेवढा राग अजून शिल्लक होता. पण पाठ आखताना हाताला जे रुंद वाटलं ते तिनं रुंदच आखलं, आणि ती पाठ आखताना तिचे कान तापले.

वैशाखी पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, चित्र शेलारला न्यायचं होतं. आदल्या दोन दिवसांत रंग पक्का करायला मागच्या बाजूनं इस्त्री फिरवायची तर वीजच येईना. आली तेव्हा कुकर सोडून वनितानं इस्त्री लावली.

राहीबाईनं त्या दिवशी एक लबाडी केली. थोरल्याला निरोप पाठवला संध्याकाळी या, धाकट्याला नेहमीप्रमाणं संध्याकाळीच. दोन्ही कुटुंबं एकाच वेळी अंगणात उतरली. संघमित्रा मुरबाडहून आलेली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, "जयभीम, जयभीम" झालं. मिलिंद आणि सार्थकनं घाईघाईनं कापड पुढच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना लावलं.

सगळ्यांच्या जिभा एकदम सुटल्या.

"अगं, मी कडेला का?" संघमित्रा म्हणाली. "आणि एवढी जाड?"

"माझी चप्पलच नाही काढली," सार्थक म्हणाला.

"टोपी सांगितली होती," बाळाराम म्हणाला, पण स्वतःचे केस बघून त्यानं पुढं काही म्हटलं नाही. "मिलिंदचा चौकडा बारीक का गं? चुकून झाला का?"

"बाबांची लुंगी वाळत का घातलीय?" मिलिंदनं विचारलं. चित्र घरात महिनाभर होतं, तेव्हा त्यानं ते विचारलं नव्हतं.

वनिता दातओठ खात उभी राहिली. तेवढ्यात राहीबाई उठली, चार पावलं पुढं आली आणि कापडाला नाक लागेल एवढी जवळ गेली. बोट फिरवत बघू लागली. "हा तुमचा बा," ती लुंगीवर बोट ठेवून म्हणाली. "हा बाळाराम, बापावर गेलेला. हा मिलिंद. मितू ही, आपली संघमित्रा, पिवली." प्रत्येकाजवळ तिचं बोट थांबत होतं आणि ती लाल दोरा शोधत होती, सापडला की पुढं सरकत होती. मग ती दोन साड्यांपाशी आली. एकीवरून बोट फिरवलं, दुसरीवरून फिरवलं. पुन्हा पहिलीवर आली.

"ह्या दोगी एकच हायेत," ती म्हणाली. "निस्ती एक उलटी हाय."

बकुळा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आत आली, चित्रासमोर थांबली आणि चित्राकडं बघतच म्हणाली, "निळी कोण?"

दहा वर्षांत ती वनिताशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तुम्ही," वनिता म्हणाली.

"माझी साडी निळी नव्हती. पांढरी होती. तुझ्यासारखीच."

"माहीत आहे."

"मग निळी का काढलीस?"

"वहिनी, मी पण तेच म्हणते, मला पिवळा..." संघमित्रा मधेच म्हणाली.

"चौकडा बारीक..." बाळाराम म्हणाला.

"चप्पल..."

आणि वनिताचा ताबा सुटला. "पांढरी होती!" ती ओरडली. "पांढरीच होती, आणि त्यावरचा ब्लाऊज मी माप न घेता शिवला होता! झालं समाधान?"



"कापड कच्चं नव्हतं," ती श्वास घेऊन म्हणाली. आता थांबून उपयोग नव्हता. "आठ दिवसांत पाच ब्लाऊज होते. तुमचं तीन वर्षांपूर्वीचं माप वहीत होतं, त्यावर शिवला. त्यानंतर तुमचं अंग भरलं होतं, मला दिसत होतं. पण परत टेप लावायचा कंटाळा केला."

बकुळा चित्राकडून तिच्याकडं वळली. "कंटाळा?"

"हो."

"म्हणजे मुद्दाम नाही केलंस?"

"नाही. कशाला करीन?"

"कंटाळा केलास," बकुळा म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "मुद्दाम केलं असतंस तर मी समजले असते, हिला माझा राग आहे. इथं मी दहा वर्षं विचार करतेय की हिचं मी काय वाईट केलं, कशाचा सूड घेतला हिनं. आणि कंटाळा? आळसापायी मी भर मांडवात उघडी पडले?"

"चुकलं माझं."

"चुकलंच!"

"चुकलं म्हटलं ना ताई!"

"मोठ्यानं बोलू नको माझ्याशी!"

राहीबाई खाली बसली आणि म्हणाली, "खीर आना कुनी तरी." बाकीच्यांना आत पळायला निमित्त मिळालं. दोघी जावा चित्रापुढं तशाच भांडत राहिल्या. गळ्यात गळे वगैरे काही पडले नाहीत. खीर आली ती दोघींनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत खाल्ली. मात्र निघताना बकुळा चप्पल घालत म्हणाली, "ती साडी दुरुस्त कर. मी निळी दिसायची नाही."

वनिता घरी येईपर्यंत चरफडत होती. फॅब्रिकचा रंग काही भाताचं पाणी नव्हतं, ओतून टाकायला. इस्त्री मारलेल्या निळ्याची पांढरी साडी कुणाला करता येते? तिनं क्षितिजाकडून तसा फोन करवला. उत्तर म्हणून पुढच्या रविवारी बकुळा स्वतः शेलारला हजर झाली आणि तिनं सार्थकला मोटरसायकलवर भिवंडीला पाठवून वनिताला ब्रश-बाटल्यांसह बोलावून घेतलं.

"हे बघा," वनितानं कापडाच्या कोपऱ्यावर लावून दाखवलं. "निळ्यावर पांढरा रेघेपुरता बसतो, तोही दोनदा फिरवून. अख्ख्या साडीवर नाही बसत. मळकट दिसेल."

"मग?"

वनिता चित्राकडं बघत बसली. मग म्हणाली, "मग माझी निळी करते. पांढऱ्यावर निळा चढतो."

"म्हणजे दोघी निळ्या."

"दोघी निळ्या. आणखी काय करू?"

बकुळानं आपल्या साडीच्या रेघांवरून बोट फिरवलं. "कर," ती म्हणाली. "पण रेघा सरळ मार. माझ्या सरळ आहेत."

वनितानं स्वतःची पांढरी साडी निळी भरली. वाळल्यावर त्यावर पांढरा चौकडा आखायचा होता. बकुळा पट्टी धरून उभी राहिली आणि प्रत्येक रेघेला काही ना काही म्हणत राहिली. पट्टी हलवली कुणी, तू की मी? ही जाड झाली. पाठ माझी बरोबर आलीय, तुझी तू बारीक करून घेतलीस. वनितानं दोनदा ब्रश खाली ठेवला आणि दोनदा उचलला. दुपारी भाकऱ्या बकुळानं थापल्या. जेवताना ती म्हणाली की त्या दिवशी मांडवात हसणाऱ्या बायकांपैकी पहिली कोण होती हे तिला अजून आठवतं. वनिता म्हणाली, मलाही आठवतं. मग त्या बाईबद्दल दोघी पाऊण तास एकमतानं बोलल्या.

त्यानंतर बिऱ्हाडं काही एकत्र झाली नाहीत. बाळाराम कोनलाच राहिला. फक्त सणाला सकाळ-संध्याकाळ हा प्रकार बंद झाला आणि बकुळा ब्लाऊज परत वनिताकडं टाकू लागली. दर वेळी तीनदा माप घ्यायला लावायची, टेपवरचा आकडा स्वतः वाचायची.

२००८ साली सार्थकचं लग्न झालं. नव्या सुनेचं नाव उन्नती, कल्याणची, एका दवाखान्यात नोकरीला. राहीबाईनं फर्मावलं की तिलाही चित्रात घ्यायचं. कापड संपलं होतं, म्हणून वनितानं डाव्या कडेला नवा तुकडा जोडला, शिवण अशी घातली की हात फिरवल्याशिवाय कळू नये. मग दोघी सासवा रंगाला बसल्या. वनिता म्हणाली, सार्थकचा काळा आणि आईंच्या काठाचा लाल. बकुळा म्हणाली, काळा नको, माझ्या चौकड्यातला निळा घे. वनिता म्हणाली, तो माझाही आहे. हे तासभर चाललं.

उन्नती ड्युटीवरून आली, पर्स काढून ठेवली आणि उभ्यानंच ऐकत राहिली.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "मला नारंगी आवडतो. आणि साडी नको, पंजाबी ड्रेस काढा."

"नारंगी?" बकुळा म्हणाली.

"इथं नारंगी कुणाचाच नाही," वनिता म्हणाली.

"म्हणूनच," उन्नती म्हणाली आणि हातपाय धुवायला मोरीत गेली.

दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. बकुळानं कपाळाला हात लावला. वनिता पिवळ्या आणि लाल रंगांच्या बाटल्या शोधायला लागली, नारंगी तिच्याकडं तयार नव्हता.